आरएसला पुढे ५, मागे १५ चे स्पेसर: जमेल का?

यवतेश्वर_वळण

नमस्कार मंडळी. गाडी ऑक्टाव्हिया आरएस २४५, सातारा. कंपनीची चाकं साडेसात जे × १८ (साडेसात इंच रुंद, १८ इंच व्यास), ईटी ५१ (हब म्हणजे चाक ज्यावर बोल्टने बसतं तो भाग; त्याला टेकणारा चाकाचा सपाट फेस रिमच्या मध्यापासून ५१ मिमी बाहेर), टायर २२५/४० आर१८. आता बाहेरची अलॉय घेतलीत: साडेआठ जे × १८, ईटी ४५, पीसीडी ५×११२ (११२ मिमीच्या वर्तुळावर पाच बोल्ट), मधलं भोक ६६.६ आणि सोबत ५७.१ च्या हबवर बसायला प्लास्टिक रिंगा. टायर २३५/४० आर१८.

पुढे चाक आणि स्ट्रटमध्ये (सस्पेन्शनच्या खांबामध्ये) जेमतेम ४ मिमी जागा उरते. म्हणून पुढे ५ मिमीचा स्पेसर (हब आणि चाकाच्या मध्ये बसणारी चकती) आणि मागे, खरं सांगायचं तर दिसायला बरं म्हणून, १५ चा टाकायचा विचार आहे. वापर म्हणजे रोज सातारा-कराड हायवे, रविवारी कास नाहीतर पाचगणी. टायरवाला म्हणतोय, "लावून टाकू, काय होत नाही." बोल्ट कुठले, टॉर्क (आवळायचा जोर) किती, आणि मुळात हे जमतंय का?

स्टॉकच_बरी

स्पेसर म्हणजे चाक निखळायचं निमंत्रण. बेअरिंग जातं, स्टिअरिंग बिघडतं. एवढ्या चांगल्या गाडीत कंपनीच्या इंजिनिअरांपेक्षा आपण शहाणे व्हायचं कशाला?

आटे_मोजा

@यवतेश्वर_वळण, स्पेसर नंतर, आधी चाकाचं गणित. रिमची रुंदी २५.४ ने गुणायची आणि अर्धी करायची. त्यातून ईटी वजा केला की हबच्या फेसपासून बाहेरची कड किती लांब ते मिळतं. ईटी मिळवला की आतली कड.

कंपनीचं चाक: ७.५ × २५.४ ÷ २ = ९५.२५. बाहेर ४४.२५, आत १४६.२५.
तुमचं नवं चाक: ८.५ × २५.४ ÷ २ = १०७.९५. बाहेर ६२.९५, आत १५२.९५.

म्हणजे काहीही न लावता नवी रिम बाहेर १८.७ मिमी आणि आत ६.७ मिमी सरकलेली आहे. त्यावर मागे १५ टाकलात तर बाहेरची कड मूळ जागेपासून ३३.७ मिमी बाहेर जाते. तुम्हाला हवा असलेला 'स्पेसर' त्या चाकातच आलाय, तुम्ही तो दुसऱ्यांदा विकत घेताय. मागचे १५ डोक्यातून काढा. चार माणसं आणि डिकीत सामान घेऊन खंबाटकीचं वळण दाबून घेतलं की टायरचा खांदा मडगार्डच्या आतल्या दुमडलेल्या पत्र्यावर घासणार. तो पत्रा टायरचं रबर सुरीसारखं सोलतो.

पुढचे ५ मात्र समजण्यासारखे आहेत. ४ मिमी जागा कमीच आहे. स्ट्रट, नकल (हब धरणारा भाग), रबरी बुश सगळं भाराखाली थोडं लवतं, आणि चाकाच्या आतल्या कडेला चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं धरून मोजलंय का तेही बघा. ५ टाकून ९ होतील, ते पुरे. पण ५ मिमीचा स्पेसर हाच सगळ्यात फसवा असतो. त्याचं कारण कॉलर. त्यावर वेगळं लिहितो.

आटे_मोजा

हबच्या मध्यभागी जी गोल कॉलर बाहेर आलेली असते तिच्यावर चाकाचं मधलं भोक बसतं. चाक मध्यावर येतं ते तिच्यामुळे. साधा ५ चा स्पेसर त्याच कॉलरवर चढतो आणि तिची ५ मिमी उंची खाऊन टाकतो. उरलेल्या तुकड्यावर चाक बसायचं. त्यात कॉलरच्या तोंडाला उतार दिलेला असतो, तो धरायचा नाही. वर तुमच्याकडे प्लास्टिक रिंग. ती रिंग चाकाच्या भोकात किती आत बसते त्यावर सगळं अवलंबून आहे. ती कॉलरच्या सरळ भागापर्यंत पोचलीच नाही तर चाक फक्त बोल्टच्या भरवशावर मध्यावर येणार.

म्हणून डिस्क लावलेली असताना, डिस्कच्या फेसपासून कॉलर किती बाहेर येते ते व्हर्निअरने मोजा. त्यातून उतार वजा करा. मग ५ वजा करा. निदान ३ मिमी सरळ भाग रिंगमध्ये जायला हवा, माझ्या मते ४.

१२-१५ च्या पुढच्या जाडीत हा घोळ नसतो, कारण स्पेसरलाच बाहेरच्या बाजूने नवी कॉलर काढता येते. मधल्या ८-१० च्या मापात पंचाईत होते: हबची कॉलर स्पेसरमधून थोडी डोकावते म्हणून नवी काढायला जागा नसते, आणि डोकावलेली कॉलर चाक धरायला पुरत नाही. ८ किंवा १० घेणार असाल तर नुसत्या जाडीवर जाऊ नका, त्याच हबसाठी कॉलरसह बनवलेला आहे का ते बघा.

पाचवडफाटा

अर्धा मिमी चाक सरकलं तर एवढं काय बिघडतं?

आटे_मोजा

टायरसह चाक २० किलो धरा. अर्धा मिमी मध्यापासून सरकलं तर २०,००० ग्रॅम × ०.५ मिमी = १०,००० ग्रॅम-मिमी. १८ इंची रिमच्या कडेची त्रिज्या साधारण २२९ मिमी. भागलं की ४४ ग्रॅम. म्हणजे रिमच्या कडेला ४४ ग्रॅमचं शिसं चिकटवून गाडी चालवल्यासारखं. आणि बॅलन्सिंग मशीनला हे दिसतच नाही, कारण मशीनवर चाक स्वतःच्या भोकावर अगदी मध्यात धरलेलं असतं. ९० ते ११० च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरतं, टायरवाला तीनदा बॅलन्सिंग करून तीनदा पैसे घेतो आणि मशीन प्रत्येक वेळी शून्य दाखवतं.

स्टॉकच_बरी

आणि बेअरिंगचं काय? त्यावर कोणी बोलत नाही.

आटे_मोजा

बोलू की. पुढच्या चाकावर ४५० किलो भार धरा. १५ मिमी बाहेर सरकलं तर बेअरिंगवर वाढणारा मोमेंट ४५० × ०.०१५ = पावणेसात किलोग्रॅम-मीटर. आता वळणात बघा: बाहेरच्या चाकावर ६०० किलो, आडवी पकड त्याच्या ०.८ पट, टायरची त्रिज्या ०.३१८ मीटर. गुणाकार दीडशेच्या पुढे जातो. बेअरिंग ते सोसायलाच बनवलेलं असतं. तेव्हा १५ मिमीने बेअरिंग लगेच मरत नाही. पण तो पावणेसातचा मोमेंट सरळ रस्त्यावरही सतत असतो, आणि खड्ड्यात आदळताना भार काही पट होतो तेव्हा तोही तेवढ्या पट होतो. आयुष्य घटतं हे खरं. आणि हे स्पेसरचं वेगळं पाप नाही, कमी ईटीचं चाक घातलं तरी तेच होतं.

चाकं निखळतात ती वेगळ्या कारणाने. एक बोल्ट १२० न्यूटन मीटरला आवळला की कोरड्या, स्वच्छ आट्यांवर साधारण ४३ किलोन्यूटन ताण देतो, म्हणजे सव्वाचार टनांच्या वर. पाच बोल्टांचा मिळून एकवीस-बावीस टन. चाक, स्पेसर, डिस्क आणि हब या चार चकत्या त्या दाबाने एकमेकींना चिकटून राहतात आणि गाडीचा भार त्यांच्यातल्या घर्षणावर चालतो. बोल्टच्या दांड्यावर नाही, कॉलरवरही नाही. दाब टिकला तर स्पेसर असला काय, नसला काय. दाब गेला की चकत्या सूक्ष्म हलायला लागतात, बोल्ट आलटून पालटून वाकतो आणि थकून तुटतो. तेव्हा प्रश्न एवढाच की दाब कशाने जातो: आटे कमी धरणं, चुकीची सीट (बोल्टचं बूड चाकाला टेकतं ती जागा), आणि फेसमधली घाण किंवा रंग. बाकीचं सगळं त्यानंतर.

एनलाईन_मिरज

नटवाल्या गाड्यांचंही कुणीतरी लिहा राव. आय२० एन लाईन, ४×१००, ५४.१, स्टड एम१२×१.५.

आटे_मोजा

स्टडच्या गाडीत (हबमध्येच दांडा बसवलेला, त्यावर नट) धोका उलटा. स्पेसर चढवला की स्टड तेवढा आखूड होतो आणि नट कमी आट्यांवर बसतो. एम१२×१.५ ला (१२ मिमी व्यास, दोन आट्यांत १.५ मिमी) नट हाताने पहिल्या आट्यापासून बसेपर्यंत किती फेरे घेतो ते मोजा. साडेसहाच्या खाली असेल तर तो स्पेसर त्या स्टडवर चालणार नाही. ८ आले की व्यास आणि आटे बरोबरीत आले, ते उत्तम. ५ मिमी म्हणजे तीन-साडेतीन फेरे गेलेच. मग लांब स्टड बसवावे लागतात. जुना स्टड ज्या दातेरी भागावर हबमध्ये दाबून बसवलेला असतो त्याचा व्यास नव्याला तंतोतंत हवा, आणि बसवायचा प्रेसवर. हातोड्याने ठोकला की दाते तिरके बसतात, पुढे कधीतरी नट उघडताना स्टड जागेवरच गरागरा फिरतो.

लांब स्टडवर टोपीवाले बंद नट घेत असाल तर आतली खोली मोजा. स्टडचं टोक नटाच्या तळाला टेकलं की पाना 'आवळलं' म्हणतो आणि चाक मात्र सैलच. अशा जागी आरपार उघडे नट बरे.

यवतेश्वर_वळण

माझ्याकडे बोल्ट आहेत. मूळ बोल्ट एम१४×१.५, सीटच्या खाली २७ मिमी. अधिक ५ म्हणजे ३२ चे घ्यायचे, एवढंच ना?

आटे_मोजा

नाही. तो हिशोब कंपनीच्या चाकाला चालतो. बाहेरच्या चाकात सीटपासून मागच्या फेसपर्यंतची जाडी वेगळी असू शकते.

असं करा. कंपनीचं चाक खाली पालथं ठेवा, मूळ बोल्ट भोकात घाला, सीटवर नीट बसू द्या आणि मागच्या फेसमधून किती बाहेर येतो ते मोजा. समजा क्ष. आता नव्या चाकात नव्या प्रकारचा बोल्ट घालून मागे ५ चा स्पेसर धरा. स्पेसरच्या मागून क्ष एवढाच बाहेर यायला हवा, फार तर एक-दोन मिमी इकडे तिकडे. त्यावरून लांबी ठरवा. मग गाडीवर लावताना हाताने फेरे मोजा. एम१४×१.५ ला साडेसात हे तळाचं माप, नऊच्या पुढे असेल तर निश्चिंत.

जास्त लांब म्हणजे जास्त सुरक्षित हा गैरसमज काढून टाका. बोल्ट हबच्या मागून जास्त डोकावला की नकलला, धुळीच्या पत्र्याला किंवा एबीएसच्या भागाला घासतो. काही बीएमडब्ल्यूंत मागच्या डिस्कच्या पोटात हँडब्रेकचे शू असतात, तिथे बोल्टचं टोक थेट त्यांना लागतं. त्याहून वाईट म्हणजे टोक कशाला तरी टेकून बोल्ट आवळल्याचा भास होतो. म्हणून आवळून झाल्यावर चाक अधांतरी असताना न्यूट्रलमध्ये हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. टक्-टक् आवाज नको.

आता सीट. कंपनीच्या चाकाची सीट गोलाकार, बोल्टचं बूड चेंडूसारखं, आर१३. बाहेरच्या बहुतेक अलॉयला ६० अंशांची कोनाची सीट असते. कोनाच्या सीटमध्ये चेंडू बसवला की स्पर्श एका बारीक वर्तुळावर होतो, पृष्ठभागावर नाही. सुरुवातीला टॉर्क बरोबर लागतो, मग ॲल्युमिनियम त्या रेषेवर दबतं आणि ताण निघून जातो. टायरवाले इथेच घोटाळा करतात, कारण बोल्ट 'बसतो'. खात्री करायची तर सीटला मार्किंग ब्लू (खुणेचा निळा रंग) पुसट लावा, बोल्ट हलका आवळा, सोडवा, डाग बघा. सलग रुंद पट्टा हवा, केसाएवढी रेघ नको. आणि बोल्टच्या डोक्यावर १०.९ (मजबुतीचा वर्ग) कोरलेलं नसेल तर तो परत करा.

कुपवाडचा_टर्नर

लोक मोबाईलवर फोटो दाखवून "असा बनवून द्या" म्हणून येतात, म्हणून लिहितो. लेथवर स्पेसर निघतो, यात जादू नाही. पण चार गोष्टी सांभाळल्या नाहीत तर तो धातूचा वॉशरच.

माल ६०६१ टी६ किंवा ७०७५ टी६ ॲल्युमिनियम, बारमधून कापलेला. भंगार वितळवून ओतलेली चकती नको. आत पोकळ्या निघतात आणि दाबाखाली ती बसते. एक फेस आणि मधलं भोक एकाच पकडीत काढायचं, म्हणजे ते एकमेकांना काटकोनात येतात. दुसरा फेस मऊ जॉमध्ये किंवा मॅन्ड्रेलवर. दोन्ही फेसची समांतरता मी ०.०३ च्या आत धरतो, ०.०५ च्या वर गेला की परत. स्पेसर १४५ व्यासाचा असेल आणि एका कडेला ०.१ जास्त असेल तर १८ इंची रिमच्या कडेला ते ०.३ च्या वर होतं. डोळ्याला दिसत नाही, स्टिअरिंगला कळतं.

भोकं रेघ मारून ड्रिल करायची नाहीत, व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) पीसीडी टाकून घ्या. कुपवाड काय, मिरज एमआयडीसी काय, ते काम कुठेही होतं.

आणि जे बहुतेक जण विसरतात: मागच्या भोकाच्या कडेला १ × ४५ अंशांचा चॅम्फर, म्हणजे कड तिरकी कापलेली. हबच्या कॉलरच्या बुडाशी बारीक गोलाई असते. चॅम्फर नसेल तर स्पेसर त्या गोलाईवर चढून बसतो, फेसला टेकतच नाही. पाना लावला की टेकल्यासारखा वाटतो. शंभर किलोमीटरनंतर टॉर्क गेलेला असतो.

या गाड्यांत डिस्कला एक टी३० चा स्क्रू असतो. त्याचं डोकं डिस्कच्या फेसच्या वर आलेलं नको, नाहीतर स्पेसरला तिथे खड्डा द्यावा लागतो.

पाचवडफाटा

ऑनलाइन लांबट भोकांचे स्पेसर मिळतात, ४×१०० पासून ५×११४.३ पर्यंत सगळ्याला बसणारे. जोडी खूपच स्वस्त.

कुपवाडचा_टर्नर

सगळ्याला बसतो तो कशालाच बसत नाही. मधलं भोक मोठं ठेवतात, म्हणजे कॉलर धरणार नाही. भोकं लांबट, म्हणजे नेमका बोल्टच्या भोवतीचा, जिथे दाब हवा तिथलाच माल गेलेला. आणि बहुतेकदा ओतीव माल. हातात घेऊन कडेला कानस मारून बघा.

दोन पातळ स्पेसर एकावर एक चढवून मापात आणणारेही बघितलेत. तसं करू नका. प्रत्येक सांधा थोडा बसतो, सांधे वाढवले की ताण गळायच्या जागा वाढतात. जाडी हवी तेवढी एकाच चकतीत.

एमएच१०_वकिली

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२: नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेलं वर्णन यांच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकच लावला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२अ (४) परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही म्हणतं. मडगार्डच्या बाहेर आलेला टायर हे नाक्यावरच्या माणसाला लांबूनच दिसतं. आणि अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर चाकं बघतोच, तेव्हा कंपनीला आधी लेखी कळवून उत्तर हातात ठेवा. "टायरवाल्याने लावलं" हा बचाव नाही, जबाबदारी मालकाची.

यवतेश्वर_वळण

धन्यवाद सगळ्यांना. मागचे १५ रद्द. पुढे कॉलर मोजली: डिस्क लावून साडेनऊ, त्यातले दीड उतार. म्हणजे सरळ ८. त्यातून ५ गेले तर ३. नवे चाक पालथे घालून पाहिलं तर प्लास्टिक रिंग चाकाच्या फेसपासून सुमारे १ मिमी आत बसते.

आटे_मोजा

म्हणजे प्रत्यक्ष पकड २ मिमी, तीही प्लास्टिकवर. नको. तीन वाटा आहेत. एक, ३ चा स्पेसर: जागा ७ होते, पकड ४ राहते. ही मला सगळ्यात सरळ वाटते. दोन, प्लास्टिकऐवजी फेसला सपाट बसणारी ॲल्युमिनियमची ५७.१/६६.६ रिंग करून घ्या, १ मिमी परत मिळेल. तीन, पुढे कंपनीचीच चाकं आणि स्पेसर शून्य. तिसरी कोणालाच आवडत नाही.

स्क्रब रेडिअसचाही विचार करा. स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला जिथे भेटतो आणि टायरचा मध्य जिथे टेकतो त्यातलं अंतर म्हणजे स्क्रब. या गाड्यांत ते मुद्दाम थोडं ऋण ठेवतात. ऊसाच्या ट्रॉल्यांनी हायवेला आणलेल्या चिखलात डावी चाकं आणि कोरड्या डांबरावर उजवी, अशा वेळी ब्रेक दाबला तर ऋण स्क्रब गाडीला सरळ ठेवायला मदत करतो. चाक बाहेर सरकवलं की ती मदत तेवढी कमी होते, जास्त सरकवलं तर उलटी होते. ईटी ५१ वरून ४५ ला आल्याने तुम्ही ६ मिमी आधीच खर्च केलेत. ३ टाकले तर ९. पुढच्या चाकाला दहाच्या आत राहावं, असं माझं मत. २४५ घोड्यांची ओढही पुढच्याच चाकांतून जाते, ती वाढलेल्या स्क्रबवर स्टिअरिंग हातात खेचते.

आणि "ट्रॅक वाढला की वळण सुधारतं" हे ऐकाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा: दीड मीटरच्या वर असलेल्या ट्रॅकमध्ये दोन्ही बाजू मिळून ६ मिमी म्हणजे अर्धा टक्काही नाही.

पाचवडफाटा

मग लावायची पद्धत एकदा सलग लिहाल का?

आटे_मोजा

हब थंड असताना. घाट उतरून आल्या आल्या नाही. डिस्कचा फेस आणि कॉलर वायर ब्रशने, मग घासणीने चकचकीत होईपर्यंत घासा. गंजाचा पापुद्रा दबतो आणि ताण सोडतो. चाकाच्या मागच्या फेसवर पावडर कोटिंगचे थेंब असतील तर तेही काढा. स्पेसरवर रंग नको, ॲनोडाइझ चालतो. ग्रीस फेसवर नाही, आट्यांवर नाही, सीटवर नाही. फक्त कॉलरवर कॉपर पेस्टचा पुसट हात, म्हणजे ॲल्युमिनियम लोखंडाला चिकटून बसत नाही. आट्यांना तेल लावू नका याचं कारण असं की आवळण्यातला सुमारे दहावा हिस्साच ताणात जातो, बाकी सगळं घर्षण खातं. तेलाने घर्षण घटलं की त्याच १२० ला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो.

स्पेसर हाताने बसवा आणि गोल फिरवून बघा. डुलला तर तो बसलेला नाही. चाक चढवा, पाचही बोल्ट बोटांनी निदान पाच-सहा फेरे आत घाला; इथे पाना लावावा लागला तर आटे तिरके गेलेत. मग चाक अधांतरीच ठेवून ताऱ्याच्या क्रमाने, म्हणजे एक सोडून एक, ४० ला. पुन्हा ८० ला. गाडी खाली घ्या, टायर जमिनीला नुसता टेकलेला असताना १२०. हवेच्या गनने नाही. गन कधी ८० देते कधी २५०, आणि दोन्ही वेळा आवाज तोच. टॉर्क रेंच नसेल तर हे काम करू नका, एवढंच म्हणेन.

५० ते १०० किलोमीटरनंतर, थंड असताना, पुन्हा १२०. बोल्ट हलला तर आणखी १०० नंतर परत. दुसऱ्यांदाही हलला तर चाक काढून फेस बघा, नुसतं आवळत राहू नका. फेसवर काळपट-तांबूस पूड दिसली तर चकत्या हलतायत.

घासाघास तपासायला आतल्या लायनरवर आणि मडगार्डच्या दुमडीवर मातीचे छोटे गोळे चिकटवा. डिकीत वजन टाका, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे-उजवीकडे, आणि एखाद्या गतिरोधकावरून तिरकं जा. गोळा चेपला तर किती चेपला त्यावरून जागा कळते.

एनलाईन_मिरज

२० मिमीचे, हबला वेगळ्या बोल्टांनी लागणारे आणि स्वतःचे स्टड असलेले, त्यांचं काय? त्यात तर आट्यांचा प्रश्नच नाही.

आटे_मोजा

आट्यांचा नाही, पण आतले पाच नट-बोल्ट चाकाच्या मागे लपतात. त्यांचा टॉर्क बघायला दरवेळी चाक काढावं लागतं, आणि कोणी काढत नाही. शिवाय हबचे मूळ स्टड स्पेसरच्या फेसच्या वर आले तर चाकाच्या मागच्या बाजूला त्यांच्यासाठी खाचा हव्यात. नसतील तर चाक स्टडच्या टोकांवर टेकतं. पंधराच्या खालचे असे स्पेसर दिसले तर बोल्टचं डोकं बुडवायला माल उरतो का ते बघा.

पाचवडफाटा

स्टेपनी?

आटे_मोजा

हेच विसरतात सगळे. स्टेपनीची सीट कंपनीची, चेंडूवाली. नवे कोनाचे लांब बोल्ट तिथे चालत नाहीत: सीट चुकते, आणि स्पेसर काढला तर टोकही मागे जास्त जातं. मूळ पाच बोल्ट पिशवीत घालून स्टेपनीच्या खोबणीत ठेवा. पुढचं चाक पंक्चर झालं तर स्पेसर काढून, मूळ बोल्टांनी स्टेपनी लावायची. लॉकवाला बोल्ट असेल तर त्याची किल्लीही त्याच पिशवीत. रात्री खंबाटकीत पंक्चरवाल्याच्या हातात पिशवी द्याल तेव्हा तो हाताला येतील ते बोल्ट लावेल, तेव्हा दोन्ही संच वेगळ्या रंगाने खुणा करून ठेवा.

यवतेश्वर_वळण

३ मिमीचे ठरले, सोबत ॲल्युमिनियमच्या रिंगा. शेवटचा प्रश्न: टायरवाला म्हणतो स्पेसर लावल्यावर अलाइनमेंट करावीच लागते.

आटे_मोजा

स्पेसरने टो आणि कॅम्बर (चाकाची दिशा आणि झुकाव) बदलत नाहीत, चाक समांतरच बाहेर सरकतं. आधीची बरोबर असेल तर त्यासाठी वेगळे पैसे नकोत. तेवढ्याच पैशांत चारही चाकं काढून हबचा फेस डायल गेजने बघून घ्या. त्याचं डुलणं ०.०५ मिमीच्या आत हवं.

कुपवाडचा_टर्नर

रिंगा करून घेताना बाहेरचं माप ६६.६ छापील धरू नका. चाकाचं भोक व्हर्निअरने तीन ठिकाणी मोजून आणा, रंगाचा थर असतो. अंगठ्याने दाबून बसली पाहिजे, ठोकून नाही.